तासाभरात होईल, पण कुठल्या तासात? घरच्या शिवणकामाची पार्श्वभूमी

लहान मुलं असलेल्या, कामात बुडालेल्या आईला शिवणाच्या सोप्या वस्तू सुचवताना एक आश्वासन हमखास दिलं जातं: तासाभरात होईल. कापडी पिशवी, उशीचा अभ्रा, इलास्टिक घातलेली मुलाची चड्डी, फेल्टचा म्हणजे न विणता दाबून केलेल्या जाड कापडाचा ससा. वस्तू खरोखरच सोप्या असतात. अडचण एवढीच की अशा घरात सलग तास मिळत नाही. पाच मिनिटं आत्ता, दहा मिनिटं मूल झोपल्यावर, असा तो सुटा सुटा हाती येतो. घरच्या शिवणकामाचा इतिहास पाहिला तर ‘झटपट’ हा निकष अगदी अलीकडचा निघतो. त्याआधी फार मोठा काळ पाहिलं जायचं ते वेगळंच: काम अर्ध्यावर टाकून उठता येतं का, आणि परत आल्यावर ते जिथे सोडलं तिथूनच पुढे नेता येतं का.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ब्राउन यांनी १९७० साली एका छोट्या लेखात याच प्रश्नाला हात घातला. कुठल्या समाजात कोणती कामं बायकांकडे आली, याचं उत्तर त्यांनी मूल सांभाळण्यात शोधलं. काम एकसुरी असावं, त्यात जीव ओतून लक्ष द्यावं लागू नये. मध्येच थांबवता यावं आणि सहज पुन्हा सुरू करता यावं. जवळ खेळणाऱ्या मुलाला त्यापासून धोका नसावा. आणि त्यासाठी घरापासून लांब जावं लागू नये. सूत कातणं, विणणं, शिवणं या सगळ्यांत बसतं. सुई टोचते हे खरं, पण ती पटकन कापडात खोचून ठेवता येते. भट्टीतल्या तापलेल्या लोखंडाचं तसं नाही.

नेढं असलेल्या हाडाच्या सुया सायबेरियात सापडल्या आहेत, त्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या. म्हणजे सुई शेतीपेक्षा कितीतरी जुनी. पण शिवण्याचं काम एकूण कपड्याच्या मेहनतीत पुष्कळ काळ छोटंच राहिलं. खरा वेळ खायचं ते सूत. अठराव्या शतकापर्यंत एका विणकराचा माग चालू ठेवायला अनेक कातणाऱ्यांचे हात लागत. बायका चालता चालता, गप्पा मारता मारता टकळीवर सूत काढत. कापड इतकं महाग पडायचं की त्याचा तळहाताएवढा तुकडाही टाकला जात नसे. मोठ्यांचा कपडा फाटला की त्यातून मुलाचा, तोही विरला की ठिगळं, आणि ठिगळांच्याही शेवटी गोधडी. बंगालची कांथा काय, जपानमधली थरावर थर शिवलेली बोरो वस्त्रं काय, दोन्हींचा पाया एकच: जुनी कापडं एकावर एक ठेवायची आणि साध्या धावदोऱ्याने बांधून टाकायची. धावदोरा निवडण्यामागे कलेपेक्षा सोय जास्त असावी. तो कुठेही थांबतो.

तुकडे जोडण्याची आणखी एक पद्धत पाहण्यासारखी आहे. कागदाचे एकसारखे आकार कापायचे, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे आणि मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडत जायचं. इंग्लंडमध्ये १७१८ हे साल शिवलेली रेशमी तुकड्यांची एक पांघरण-चादर आजही जपून ठेवलेली आहे आणि तिच्या आत ते कागद अजून तसेच आहेत. पुढे याच पद्धतीत षटकोनांचा जोर झाला. एक षटकोन तळहातावर मावतो, झाला की डब्यात जातो. चादर पुरी व्हायला वर्षं लागतात, पण प्रत्येक तुकडा मात्र काही मिनिटांचा. आज ‘सोपं’ म्हणून जे शिकवलं जातं त्याच्या मोजमापाने हे काम अवघड ठरेल. मूल मांडीवर असलेल्या बाईच्या मोजमापाने ते मशीनवरच्या पिशवीपेक्षा सोपं आहे.

अठराव्या शतकातल्या आयांच्या हातचं शिवण आपल्यापर्यंत फारसं पोचलेलं नाही, कारण ते वापरून वापरून संपलं. अपवाद आहे तो लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलचा. थॉमस कोरम यांनी १७३९ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत, सांभाळता येत नसलेली तान्ही मुलं १७४१ पासून घेतली जाऊ लागली. मूल सोडताना नाव सांगायचं नसे. पुढेमागे ओळख पटावी म्हणून मुलाच्या नोंदीच्या कागदाला कापडाचा एखादा तुकडा टाचला जाई: बाळाच्या झबल्याच्या बाहीचा, रिबिनीचा, छापील सुती कापडाचा. असे सुमारे ५,००० तुकडे त्या वह्यांमध्ये राहिले. साध्या माणसांच्या अंगावरच्या अठराव्या शतकातल्या कापडांचा एवढा मोठा साठा एका जागी क्वचितच असेल, आणि तो जमला आयांच्या नाइलाजातून.

त्यातली एक वस्तू तर चक्क हस्तकलेची आहे. १७६७ मध्ये सारा बेंडर नावाच्या बाईने आपला मुलगा तिथे सोडला. खूण म्हणून तिने दिला तो तुकडे जोडून शिवलेल्या सुयांच्या घडीचा, म्हणजे सुया खोचून ठेवायच्या कापडी पाकिटाचा, अर्धा भाग. त्यावर एक हृदय भरलेलं होतं, तेही कापताना बरोबर मध्ये दुभागलेलं. दुसरा अर्धा भाग तिने स्वतःकडे ठेवला आणि १७७५ साली ती मुलाला परत न्यायला आली. हे किती विरळ होतं ते आकड्यांवरून कळतं: १७४१ ते १७६० या काळात आलेल्या १६,२८२ मुलांपैकी परत नेली गेली ती १५२. आजच्या हस्तकलेच्या पुस्तकांत सुयांची घडी हा नवशिक्यांचा पहिलाच पाठ असतो. फेल्टची दोन-तीन पानं, कापडाचं कव्हर, कडेने टाके.

मग सूतगिरण्या आल्या. अठराव्या शतकाच्या शेवटच्या चाळीसेक वर्षांत कातण्याची यंत्रं एकामागून एक निघाली, सूत स्वस्त झालं, पाठोपाठ कापडही. घरातली टकळी थांबली. पण घरातलं काम कमी झालं असं समजण्याचं कारण नाही. कापड परवडू लागलं तसे कपडे वाढले आणि ते शिवायचे सगळे घरातच. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आईच्या मागे लागलेलं शिवण हे बरंचसं गिरण्यांनी लावलेलं आहे.

शिवणयंत्राची गोष्ट बहुतेकांना तुकड्या-तुकड्यांनी माहीत असते. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलं, सैनिकांचे गणवेश शिवायला कारखाना काढला आणि पोटावर पाय येतो म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी तो फोडला. अमेरिकेत १८४६ मध्ये एलायस हाउ यांचं पेटंट आलं. त्यांच्या यंत्रात सुईचं नेढं टोकाशी होतं, वरून एक आणि खालून एक असे दोन दोरे एकमेकांत अडकत. आजच्या घरगुती मशीनची टीप अजून तीच. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी सुधारलेलं यंत्र आणलं आणि १८५६ पासून त्यांच्या कंपनीने ते हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. घराघरात यंत्र पोचलं त्यात पोलादाइतकाच हप्त्यांचा हात आहे.

व्हीलर अँड विल्सन या स्पर्धक कंपनीने १८६० च्या सुमारास तुलनेचे आकडे काढले होते. पुरुषाचा सदरा हाताने १४ तास २६ मिनिटं, यंत्रावर १ तास १६ मिनिटं. साधा सुती झगा हाताने ६ तास ३७ मिनिटं, यंत्रावर ५७ मिनिटं. विकणाऱ्याचेच आकडे म्हणून थोडे हात राखून घ्यावेत, पण फरक खोटा नव्हता. ‘तासाभरात होईल’ या आजच्या आश्वासनाचं मूळ मला तरी या जाहिरातीत दिसतं.

वाचलेल्या वेळाचं काय झालं? बराचसा झालरींत आणि चुण्यांत गेला. टीप मारणं स्वस्त झालं तशी कपड्यांवरची टीप वाढली. घरकामाची यंत्रं आणि आईचं काम यांचा इतिहास लिहिणाऱ्या रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये हेच दाखवलं: यंत्राने प्रत्येक कामाचे कष्ट कमी केले, पण अपेक्षा वाढवून काम तेवढंच ठेवलं. शिवणयंत्राबाबत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कमी लक्ष जातं. हातशिलाई खिशात मावायची, अंगणात, पाळण्याशेजारी, आजाऱ्याच्या उशाशी चालायची. यंत्राने ते काम एका जागी खिळवलं. दोन्ही हात कापडावर, पाय पायडलवर, आणि शेजारी धावती सुई व फिरतं चाक. जवळ खेळणाऱ्या मुलाला धोका नसावा ही ब्राउन यांची अट इथेच मोडते. यंत्र हलकं व्हायलाही वेळ लागला. सिंगरचं साधारण पाच किलोचं, उचलून टेबलावर ठेवण्यासारखं विजेचं मॉडेल आलं ते १९३३ मध्ये.

शिवण्यापेक्षा बेतणं अवघड, हे हात चालवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं. मासिकांतून येणाऱ्या आकृत्या बोटभर असत, त्या घरी मोठ्या करून घ्याव्या लागत. मॅसॅच्युसेट्समधले शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकायला काढले. त्यांची पत्नी एलन आपल्या लहान मुलासाठी कपडा बेतताना वैतागली आणि मापाचा तयार बेत मिळाला तर किती बरं, असं म्हणाली, अशी कथा सांगतात. कथा थोडी रंगवलेली असेल, पण बटरिक यांचे सुरुवातीचे खपाऊ बेत पुरुषांचे सदरे आणि लहान मुलग्यांचे पोशाख यांचे होते हे खरं. पातळ कागदाची घडी, त्यावर खाचा आणि भोकं. आज पीडीएफ छापून चिकटवतात तो याच घडीचा वंशज.

मुलांसाठी शिवायच्या फेल्टच्या खेळण्यांची एक वाट अशाच एका मासिकातल्या नमुन्याशी जाते. जर्मनीतल्या मार्गारेटे श्टाइफ यांना लहानपणी पोलिओ झाला होता. पाय चालत नव्हते, उजवा हात अशक्त होता. तरी शिवणकामावर त्यांनी स्वतःचं दुकान उभं केलं. १८७९ च्या अखेरीस मासिकातला नमुना पाहून त्यांनी फेल्टचा एक छोटा हत्ती केला. हेतू टाचण्या खोचण्याचा होता, पण घरातल्या मुलांनी तो खेळायला पळवला आणि धंदाच बदलला. फेल्ट निवडण्यात शहाणपण होतं: त्याला उभे-आडवे धागे नसतात, त्यामुळे कड सुटत नाही, दुमडायची गरज नाही. मुलांच्या हातात कापडकाम द्यायचं तर आजही पहिला मान फेल्टचा, तो याचसाठी. मुलांनी स्वतः टोचून टाके घालायचे कार्ड मात्र वेगळ्या वाटेने आलं, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालवाडीच्या साहित्यातून, १८४० च्या आसपास.

टंचाईच्या काळांनी या कामाला पुन्हा धार आणली. अमेरिकेत १९३० च्या मंदीत पीठ आणि पशुखाद्य ज्या सुती पोत्यांतून येई त्यांचे मुलींसाठी झगे शिवले जात. हे पाहून कंपन्या पोत्यांवर मुद्दाम फुलं छापू लागल्या. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, ते १९४९ पर्यंत राहिलं. वाढत्या मुलांच्या आयांना याची झळ सर्वांत जास्त बसली. १९४३ मध्ये सरकारनेच आहे तेच डागडुजी करून वापरा असं सांगणारी पुस्तिका काढली: कॉलर उलटून लावा, उसवलेल्या स्वेटरची लोकर धुऊन पुन्हा विणा.

युद्धानंतर तयार कपडे स्वस्त झाले आणि घरी शिवून पैसे वाचण्याचे दिवस ओसरले. ‘सोपं आणि झटपट’ हे शिवणाचं मुख्य आकर्षण झालं ते खऱ्या अर्थाने इथे, कारण आता न शिवताही चालत होतं. सिम्प्लिसिटी कंपनीचे ‘जिफी’ बेत १९६० च्या दशकात गाजले: दोन-तीनच तुकडे, सरळ टिपा, बाहीची भानगड नाही. मदतीला झिप होती आणि इलास्टिकही होतं. मुलाचा कपडा काज-बटणांवाचून करता येऊ लागला हे मला या साऱ्यातलं सर्वांत मोठं सुख वाटतं. काज हाताने करून पाहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको.

गोधडीही झटपट झाली. १९७० च्या दशकात अमेरिकेत लांब पट्ट्या आधी जोडून मग आडव्या कापायची युक्ती पसरली, १९७८ मध्ये एका दिवसात गोधडी शिकवणारं पुस्तक आलं आणि १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर काढला. तासन्‌तासांची कापाकापी मिनिटांवर आली. बदल्यात घरात वस्तऱ्यासारखं धारदार पातं आलं, जे वापर झाल्याझाल्या बंद करून मुलाच्या हाताला लागणार नाही असं उंच ठेवावं लागतं.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने कापडी मुखपट्टी वापरायला सांगितलं आणि बंद पडलेली मशीनं जगभर माळ्यावरून खाली आली. एक आयत, तीन चुण्या, दोन इलास्टिक. पुष्कळ आयांनी ती मुलं घरात असताना, टप्पे पाडून शिवली: एका रात्री सगळी कापणी, दुसऱ्या दिवशी मिळेल तेव्हा चुण्या, नंतर एका बैठकीत सगळ्या टिपा, मधला दोरा न तोडता. इलास्टिक दुकानांतून संपलं तेव्हा जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून ओढल्या गेल्या. ओढल्यावर त्या आपोआप गोल वळतात आणि त्यांची कड सुटत नाही, म्हणून त्यांना शिवण लागलीच नाही.