चेहऱ्यावरून चोर ओळखता येतो का?

गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरून येतो: पुढे आलेला जबडा, मोठे कान, जुळलेल्या भुवया दिसल्या की सावध व्हा, गुन्हेगारी रक्तातच असते.

हे खरं वाटायला कारण आहे. एके काळी हे चक्क शास्त्र म्हणून मांडलं गेलं. इटलीतल्या एका डॉक्टरांना एका कैद्याच्या कवटीत मागच्या बाजूला खळगा दिसला, आणि १८७६ मध्ये त्यांनी जन्मजात गुन्हेगाराची कल्पना पुस्तकात मांडली. मापं खरीच घेतली होती. गोम अशी, की तुरुंगातली माणसं जितकी बारकाईने मोजली तितकी बाहेरची मोजली नाहीत. शिवाय तुरुंगात असतो तो सापडलेला माणूस. न सापडलेल्याचे कान कोण मोजणार?

१९१३ मध्ये इंग्लंडात सुमारे ३,००० कैद्यांची तुलना विद्यार्थी, सैनिक अशांशी झाली. गुन्हेगाराची वेगळी ठेवण काही आढळली नाही. कैदी उंची-वजनाने जरा कमी भरले, पण लहानपणी पोटभर न मिळाल्यानेही तसं होतं.

आपल्याकडे हे आणखी जपून बघावं लागतं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का १९५२ मध्ये निघाला, तरी बीड-परभणीकडे विहिरीवरची मोटार चोरीला गेली की पहिली नजर पारध्यांच्या पालाकडे वळते. जिथे आधी आणि जास्त झडती, तिथेच जास्त धरपकड होणार.

पडताळा घरीही घेता येतो. लग्नाचा अल्बम काढा, मेसेजमधली लक्षणं किती पाहुण्यांत दिसतात ते मोजा, आणि त्यातल्या किती जणांवर गुन्हा दाखल आहे ते आठवून बघा.