बडोद्याची पदवी मुंबईहून यायची तेव्हा

पुतणीच्या पदवीदानाला जायचं ठरलं आणि आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आधी शब्दावरूनच जुंपली. गुजराती शेजारी म्हणतात 'पदवीदान समारोह', वहिनी इंदूरच्या, त्यांच्या तोंडी 'दीक्षांत', आणि पुतणीला दोन्ही नको, तिचं आपलं 'कॉन्व्होकेशन'. आपण जिला पदवीधर म्हणतो तिला गुजराती 'स्नातक' म्हणणार. हा शब्द मात्र खरा जुना. शिक्षण संपलं की समावर्तनाचं स्नान करून गुरूच्या घरून परतणारा तो स्नातक. निरोप देताना आचार्य काय सांगतात तेही तैत्तिरीय उपनिषदात आहे: 'सत्यं वद, धर्मं चर'. समारंभात घालायचा झगा मात्र थेट युरोपातल्या मठ-चर्चच्या जगातून आलेला. 2010 साली भोपाळच्या एका समारंभात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तो वसाहतकाळाचा रानटी अवशेष म्हणत व्यासपीठावरच काढून ठेवला होता. बडोद्याच्या उन्हाळ्यात तो अंगात घातलेल्या कोणालाही त्यांचं म्हणणं पटेल.

आता बडोद्याचं. 1881 साली इथे बडोदा कॉलेज निघालं, वास्तुविशारद चिझम यांनी आखलेल्या त्या प्रचंड घुमटाखाली ते नांदू लागलं, पण पदवी देण्याचा अधिकार त्याला नव्हता. कॉलेज गायकवाडांचं, शिक्का मुंबई विद्यापीठाचा. अरविंद घोष इथे शिकवत होते, तेव्हाही त्यांचे विद्यार्थी पदवीधर व्हायचे ते मुंबईचे. ज्या संस्थानात 1906 पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं, त्याला स्वतःचं विद्यापीठ नसावं हे सयाजीरावांना खटकत होतंच. पण 1939 साली ते गेले तेव्हाही ते झालेलं नव्हतं.

झालं ते अगदी कडेलोटाच्या क्षणी. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि विद्यापीठाची स्थापना त्याच्या आदल्या दिवशीची, 30 एप्रिलची. प्रतापसिंहरावांनी आजोबांचं राहिलेलं काम राज्य हातचं जाता जाता उरकलं. मला या सगळ्या कहाणीत ही तारीखच सर्वांत बोलकी वाटते. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, बडोद्याच्या दिवाणांची कन्या. आदल्याच वर्षी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व माणसं' यावेत म्हणून त्या अडून बसल्या होत्या. स्त्री-पुरुष एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या भारतातल्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. कुलपतिपद गायकवाड घराण्याकडे राहिलं. फत्तेसिंहरावांनंतर 1988 पासून ते मृणालिनीदेवी पुवारांकडे होतं, पुढे शुभांगिनीराजेंकडे.

आमच्या माजघरात आजोबांची पदवी टांगलेली आहे. काचेच्या एका कोपऱ्यात बुरशी धरलीय, शाई तपकिरी पडलीय, पण मुंबई विद्यापीठाचं नाव स्वच्छ वाचता येतं. समारंभाहून परतल्यावर दादाने तिच्या शेजारीच खिळा ठोकला. गावाचं सरकारी नाव 1974 साली वडोदरा झालं, विद्यापीठाच्या नावात मात्र अजून 'बरोडा'च आहे. पुतणीने ते बोट ठेवून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, ''आधी फ्रेम सरळ कर.''