बर्फातल्या टायरची सव्वाशे वर्षं

३ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचलमधल्या अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि रोहतांगची खिंड न चढता लाहौलमध्ये उतरायची सोय झाली. त्याआधी हिवाळ्यात खिंड बंद म्हणजे पुढचं सगळं बंद. आता जानेवारीत बोगद्यापलीकडच्या सिस्सूकडे एमएच-०४ किंवा एमएच-४३ ची गाडी दिसली तर नवल वाटत नाही. साहजिकच ठाण्यातलं वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं तुर्भे, टायरवाल्याकडे ‘बर्फाचा टायर मिळेल का?’ अशी चौकशी होऊ लागली. या चौकशीमागे सव्वाशे वर्षांची खटपट आहे.

सुरुवात लोखंडापासून झाली. अमेरिकेतल्या हॅरी वीड यांना १९०४ मध्ये टायरवर घालायच्या साखळीचं पेटंट मिळालं. साखळी बर्फात घट्ट रुतते खरी, पण कोरड्या रस्त्यावर खडखडते आणि टायर व डांबर दोन्ही खाते. सतत कोण चढवणार आणि उतरवणार? फिनलंडमध्ये, जिथे वर्षातले कित्येक महिने रस्त्यावर बर्फच असतो, तिथल्या आजच्या नोकियन कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी खास हिवाळी टायर काढला. दोन वर्षांनी कारसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ आला. हे नाव आजही चालू आहे.

त्या टायरच्या नक्षीमागचा विचार आपल्या पावसाळी डोक्याला जरा उलटा वाटतो. जुलैत घोडबंदर रोडवर टायरच्या खाचांचं काम एकच, पाणी झटपट बाहेर फेकायचं. बर्फात मात्र खाचेत बर्फ दाबून धरायचा असतो, कारण बर्फ रबरापेक्षा बर्फालाच जास्त धरतो. म्हणून हिवाळी टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक गट्टूवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. बर्फावर त्यांच्या कडा रुततात. टायर गोटा झाला की या चिरा संपतात. कायद्याने खाचांची १.६ मिमी खोली पुरत असली, तरी बर्फासाठी ४ मिमीच्या खाली जाऊ नये म्हणतात. ऑस्ट्रियात तर तसा नियमच आहे.

साठच्या दशकात टायरमध्ये धातूचे खिळे बसवायची लाट आली. गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर याला आजही तोड नाही. पण बर्फ वितळल्यावर तेच खिळे डांबर किसू लागले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये बंदी घातली. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत या किसलेल्या डांबराची धूळ हवेत इतकी साचू लागली की तो लोकांच्या आरोग्याचा प्रश्न झाला आणि १९९० मध्ये खास कायदा करावा लागला. माझ्या मते हिवाळी टायरच्या इतिहासातलं खरं वळण हेच. लोखंड गेलं आणि सगळी भिस्त रबरावर आली. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये जपानी बाजारात आणलेल्या ब्लिझॅकच्या रबरात सूक्ष्म छिद्रं होती. बर्फावरचा पाण्याचा पातळ थर ती शोषून घेत.

रबराचं महत्त्व कळायला खोबरेल तेलाची बाटली आठवावी. आपल्याकडचा साधा टायर थंडीत तसाच थिजतो. साधारण ७ अंशांखाली तो कडक होऊ लागतो आणि मग नक्षी कितीही खोल असली तरी पकड जाते. हिवाळी टायरमधलं रबर शून्याखालीही मऊ राहतं. ठाण्यात पारा ७ अंशांवर उतरतच नाही, त्यामुळे इथल्या दुकानदाराने असा माल का ठेवावा? ठेवला तरी मनालीपर्यंतच्या सुमारे १,९०० किलोमीटरच्या तापलेल्या रस्त्यांवर ते मऊ रबर बर्फ दिसायच्या आधीच झिजायला लागेल.

खुणांचा घोळ वेगळाच. आपल्या अनेक एसयूव्हींच्या टायरवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असतं आणि मालक निर्धास्त होतो. ही अक्षरं कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. चाचणी लागते ती तीन शिखरांत हिमकण असलेल्या चिन्हाला. ते १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडात आलं. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह लागतं, नुसतं एम+एस चालत नाही. टोरांटो किंवा म्युनिकला गेलेल्या मुलाला जुने टायर घेताना एवढं तरी बघायला सांगावं. फोर बाय फोर आहे म्हणून टायरकडे दुर्लक्ष करणारे तर सगळीकडेच भेटतात. चारही चाकं ओढतात, त्याने गाडी सुटायला मदत होते. ब्रेक लावल्यावर थांबवणारा टायरच.

चाकांच्या बाबतीतही तिकडची रीत आपल्या हौसेच्या उलट. आपण १५ इंचांची रिम काढून १७ ची अलॉय टाकतो. तिकडे हिवाळ्यात एक माप खाली येतात. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर वर तरंगतो. उंच साइडवॉलमुळे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीमुळे, बर्फाखालच्या खड्ड्याचा दणकाही रिमपर्यंत कमी पोचतो. फक्त रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना आणि टायरचा लोड इंडेक्स (तो किती वजन पेलतो त्याचा आकडा) पुरेसा आहे ना, हे पाहावं लागतं. ठाण्याहून जाणाऱ्याला शेवटी उपयोगी पडते ती १९०४ ची साखळीच. ती ओढणाऱ्या चाकांना लावायची, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे. पण अपसाइझ केलेल्या रुंद टायर आणि सस्पेन्शनमध्ये साखळीला जागाच उरत नाही, म्हणून कोणत्या मापाच्या टायरवर ती चालते हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये आधी बघावं.