पिकपले पिकप नाही: एस-कॅब आणि व्ही-क्रॉसमधली गल्लत

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूड-मोर्शीकडे ‘पिकप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, संत्र्याचे कॅरेट भरून मंडीत जाणारी गाडी. दुसरा, ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जो झपाटा दाखवते तो. त्यामुळे ‘या पिकपले पिकप नाही’ असं इथे माणूस गंभीर चेहऱ्याने बोलतो आणि ऐकणाराही हसत नाही. आता मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तिसरा अर्थ आणून ठेवला आहे: चार दरवाज्यांची, उंच नाकाची, चिखल उडवत नाल्यातून निघणारी गाडी, जिच्या मागच्या हौद्यात कोणी कधी काही भरलेलं दिसत नाही.

मागच्या दिवाळीत मामेभाऊ याच तिसऱ्या अर्थाचा फोटो घेऊन आला. “दादा, पंधरा लाखात व्ही-क्रॉस भेटून रायली. घेऊन टाकू का?”

फोटो पाहिला. पाच मीटरहून लांब गाडी, चार दरवाजे, क्रोमची जाळी, मागे हौदा. पण ती व्ही-क्रॉस नव्हती, एस-कॅब झेड होती. चूक त्याची एकट्याची नाही. दोन्ही इसुझूच्या, दोघींचं आडनाव डी-मॅक्स, दोन्ही आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून येतात, आणि दहा पावलांवरून पाहिलं तर सख्ख्या बहिणी वाटतात. साध्या एस-कॅबचा चेहरा निदान कामकऱ्याचा होता. २०२३ मध्ये आलेल्या झेडला क्रोम आणि टचस्क्रीन मिळाली आणि ओळखायची उरलीसुरली खूणही गेली. किमतीत मात्र दहा लाखांच्या वर फरक आहे, आणि तो क्रोमचा नक्कीच नाही.

तो फरक बॉनेटखाली आहे, आणि तिथेच गंमत आहे. एस-कॅबचं इंजिन अडीच लिटरचं, व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं. आमच्याकडे सीसी म्हणजे ताकद असा सरळ हिशोब असल्यामुळे मामेभावाला मोठं इंजिन स्वस्तात मिळाल्याचा आनंद झाला होता. आकडे उलटे आहेत. अडीच लिटरवाली ७८ पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच एचपी, आणि १७६ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देते. १.९ वाली १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर. धाकटं इंजिन थोरल्याच्या दुपटीहून जास्त काम करतं.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण इथेच लोक फसतात. सीसी म्हणजे सिलिंडरमधल्या पोकळीचं माप. चूल केवढी आहे एवढंच ते सांगतं. जाळ किती करणार हे नाही. जाळ ठरतो तो टर्बोने किती हवा कोंबली आणि त्या हवेत किती डिझेल नेमक्या वेळी, नेमक्या दाबाने फवारलं यावर. १.९ मध्ये हे सगळं कसून बसवलेलं आहे. अडीच लिटरचं इंजिन मुद्दाम सैल ठेवलेलं आहे: कमी जोर, म्हणून सुट्या भागांवर कमी ताण, आणि किंमतही आवाक्यात. एस-कॅबचा सगळा १७६ न्यूटन-मीटर टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांवरच हातात येतो. व्ही-क्रॉसला तिच्या ३६० साठी २००० फेऱ्या लागतात.

ट्रॅक्टरवाल्याला हे लगेच पटतं. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर कापसाने खच्चून भरलेली ट्रॉली ओढून जिनिंगच्या दारात उभी करतो, आणि शंभर एचपीची कार तीच ट्रॉली हलवायला गेली तर क्लच जाळून बसेल. ट्रॅक्टरचं इंजिन हळू फिरतं आणि त्याचे गेर जोर अनेक पटींनी वाढवून चाकाला देतात. म्हणून ७८ पीएसची गाडी भार ओढणार नाही असं समजू नका, ओढेल. पण समृद्धी महामार्गावर पुढच्या ट्रकला ओलांडायला निघालात की तिला पिकप नाही हे तिथल्या तिथे कळेल. व्ही-क्रॉसमध्ये सहा गेर आहेत, ऑटोमॅटिकही मिळते. एस-कॅबमध्ये पाच गेर आणि क्लचवर डावा पाय.

आता मूळ नमुन्याकडे येतो, म्हणजे आमच्याकडची खरी पिकप, महिंद्राची बोलेरो. तिच्यातही अडीच लिटरचंच डिझेल आहे, पंचाहत्तर एचपीच्या आसपासचं. नंतर मॅक्स नावाची नवी मालिका आली. तिच्या मोठ्या मॉडेलचा हौदा ३,०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट, आणि भार दोन टनांपर्यंत. बोलेरो कॅम्पर म्हणजे याच घरातलं चार दरवाज्यांचं लेकरू, एक टन भाराचं. वीज कंपनीचे ठेकेदार, बोअरवेलवाले आणि रस्त्याच्या कामावरचे सुपरवायझर यांची ही गाडी. एस-कॅबची खरी बरोबरी या कॅम्परशी आहे. व्ही-क्रॉसची बरोबरी टोयोटा हायलक्सशी. नावाकडे पाहून जोड्या लावल्या की चुकतं.

हायलक्सचं नाव निघालं की शौकीन पोरं खुर्चीत सरसावून बसतात. ही गाडी १९६८ पासून जगभर विकली जाते, भारतात आली ती २०२२ मध्ये. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि मॅन्युअलला ४२०. अमरावतीला एका लग्नात एक उभी होती. नवरदेवाच्या घोडीपेक्षा तिच्यासोबत जास्त सेल्फी निघाले. पण मागून वाकून पाहिलं तर त्या तीस लाखांच्या वरच्या गाडीच्या मागच्या आसाखाली काय? पाटेच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. फॉर्च्युनर हिचीच बहीण, तिला मागे कॉइल स्प्रिंग दिल्या. हायलक्सला, व्ही-क्रॉसला, एस-कॅबला आणि बोलेरो पिकपला मागे पाटेच आहेत, कारण हौदा म्हटला की भार आला आणि भार आला की पाटे आले. रिकाम्या पिकपमध्ये मागच्या सीटवर बसून मोर्शीहून अमरावतीला गेलेल्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. महागडी गाडी कमी आपटते, पण आपटते.

रूपावर मात्र एकमत होत नाही. आपल्याकडच्या व्ही-क्रॉसचं शरीर २०११ च्या पिढीचं आहे. नवी पिढी थायलंडमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात आली. त्यामुळे शौकिनांची एक तक्रार कायम असते की आम्हाला शिळं वाढता. इंजिनाचंही तेच. थायलंडमध्ये १.९ च्या जागी आता २.२ लिटरचं इंजिन आलं आहे, ४०० न्यूटन-मीटर आणि आठ गेरच्या ऑटोमॅटिकसह, आणि ते इथे कधी येणार यावर पोरं पैजा लावतात. हायलक्सचा २०२५ चा नवा चेहरा अरुंद दिव्यांचा आहे. काहींना तो झोपेतून उठवल्यासारखा वाटतो, काहींना पैलवानासारखा. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली ग्लोबल पिक-अप नुसती नमुना म्हणून दाखवली, तेव्हा आमच्या चौकात तिची बुकिंग घ्यायला दोघे तयार होते. गाडी नव्हती, किंमत नव्हती, टोकन तयार होतं.

माझं मत विचाराल तर जुन्या व्ही-क्रॉसचा गोलसर चेहरा मला आवडतो. या नव्या गाड्यांची नाकं इतकी उंच झाली आहेत की गावच्या बोळात पुढे बसलेली शेळी ड्रायव्हरला दिसत नाही. स्नॉर्केल, म्हणजे काचेशेजारी वर चढवलेली ती हवेची नळी, तीही अनेकांना नुसती मिशी वाटते. तिचं काम आहे: पाण्यातून जाताना इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढू नये. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. पण जुलैत नाला वाहायला लागला की खोली मोजायला कोण उतरतं? आणि पाण्याला ओढ असेल तर गुडघाभर पाणीही गाडी फिरवतं.

फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देण्याची, गोष्ट अशीच. व्ही-क्रॉसला ती मिळते, हायलक्सला सगळ्या मॉडेलांत आहे, एस-कॅबला नाही. फोटोवरून ओळखता न येणारा हा दुसरा मोठा फरक. पण आमची माती काळी. ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत. मग चारही चाकं एकदम फिरतात आणि गाडी होती तिथेच, फक्त चार बोटं खाली. एका पावसाळ्यात आमच्या पांदणीत फसलेली फोर बाय फोर बाहेर काढली ती शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने, आणि त्याने तेलाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. नुसतं हसला. मुरमाच्या चढावर, वाळूत, सुक्या खडकाळ वाटेवर ती चार चाकं कामाची आहेत. काळ्या मातीत आधी टायर पाहा, मग फोर बाय फोरची डायल फिरवा.

राहिले कागद. इथे गल्लत खिशाला लागते. व्ही-क्रॉस आणि हायलक्स सहसा पांढऱ्या नंबर पाटीवर, खासगी म्हणून घेतल्या जातात. एस-कॅब आणि कॅम्पर मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीवर. पिवळी पाटी म्हणजे पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीला पंधरा वर्षं तो त्रास नाही. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीत दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही. शेजाऱ्याचे कॅरेट पैसे घेऊन मंडीत टाकले आणि वाटेत काही झालं तर विमावाला आधी पाटीचा रंग पाहतो. लायसन्सची भीती तेवढी निघाली आहे: साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. हौद्यात माणसं भरून वरात नेण्याची आपली सवय मात्र कुठल्याच पाटीवर चालत नाही, आणि मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, हा निकाल २००२ पासूनचा आहे. तरी दर मे महिन्यात पिकपमध्ये बँडसकट वऱ्हाड जातंच.

मामेभावाला हे सगळं सांगून झालं. त्याने ऐकलं आणि तोच फोटो पुन्हा दाखवला. “पण दिसते तर सेम ना गा?” ज्या सेल्समनने त्याला ‘व्ही-क्रॉसच समजा’ असं सांगितलं होतं त्याच्यावर त्याचा अजून माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

शेवटी मामा उठले. दोन रिकामे कॅरेट आणि पडवीतला टेप घेऊन आम्हाला शोरूमवर घेऊन गेले. बॉनेट उघडायला कोणी सांगितलं नाही, त्यांनी फाळका उघडायला सांगितला. व्ही-क्रॉसच्या हौद्यात दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे आत आलेले, त्यामुळे कडेची रांग मोडते. भिंती उंच, म्हणजे बाजूने उभं राहून तळातलं कॅरेट उचलायला माणसाला अर्धं आत लोंबावं लागतं. शिवाय सगळा हौदा दीड मीटरच्या आसपास, कारण पुढची जागा मागच्या सीटने खाल्लेली. बोलेरो पिकपच्या हौद्याची फळी चाकांच्या वरून सपाट जाते. कॅरेट रांगेत बसतात, थरावर थर चढतो. मामांनी टेप गुंडाळला आणि सेल्समनला विचारलं, “त्या मोठ्या गाडीत बायको-पोरं छान बसतीन, पण अंबिया बहाराची संत्री कुठं बसवू?”

अंबिया तोडणीच्या आधी मॅक्स पिकप आली, दहा फुटी, पांढरी. पुढे बुलबार, म्हणजे बंपरवरचा लोखंडी दांडा, लावायचा मामेभावाचा हट्ट होता. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं आहे हे मी त्याला दाखवलं, तेव्हा तो हट्ट सुटला. मग त्याने मोर्शीच्या रेडियमवाल्याकडून मागच्या फाळक्यावर लाल अक्षरांत मोठ्ठं ‘व्ही-क्रॉस’ लिहून घेतलं. गेल्या आठवड्यात मंडीत एक व्यापारी त्याला विचारत होता, हिच्यात दहा फुटी पण येते का म्हणून.