वरच्या मजल्यावरची खोली आणि संगणकातली खोली

मे महिन्यात मुंबईतल्या इमारतीत गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ऊन उतरल्यावरही खोली निवत नाही, हे सांगावे लागत नाही. एनर्जीप्लससारखी संगणकप्रणाली भिंतींची जाडी, खिडक्यांची दिशा, वायुवीजन आणि बाहेरचे हवामान यांवरून तीच खोली आकड्यांत उभी करते, म्हणजे तिचे प्रतिरूप बनवते, आणि तिचे तासातासाचे तापमान सांगते. ते कितपत खरे, हे मात्र खोलीत तापमापक ठेवल्यावरच कळते. तो उन्हाच्या तिरिपेत किंवा तापलेल्या भिंतीला टेकून ठेवला, तर चूक प्रतिरूपाची नसून मापनाची असेल.

दुसरी फसगत हवामानाच्या माहितीत होते. अशा प्रणालींना सहसा वेगवेगळ्या वर्षांतले महिने निवडून जोडलेले एक ‘नमुनेदार वर्ष’ पुरवले जाते. मोजलेल्या आठवड्याशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. त्याच दिवसांच्या नोंदी हव्यात, आणि त्याही जवळच्या, कारण मुलुंडच्या खोलीला तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्याचे हवामान लावून चालणार नाही.

खरी कसोटी स्लॅबची आहे. दहा फूट लांबी, रुंदी आणि उंचीच्या खोलीत हवा जेमतेम ३३ किलो असते, तर तिच्यावरचा १२ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब २.७ टनांच्या आसपास भरतो. एक अंश तापायला त्याला त्या हवेच्या सुमारे ७० पट उष्णता लागते. म्हणून दुपारी गिळलेली उष्णता तो रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. प्रतिरूपात ही साठवण कमी धरली गेली, तर तापमान दुपारी दोन अंश जास्त आणि रात्री दोन अंश कमी येऊ शकते, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन सरासरी फरक शून्य दिसतो. फरकांचा वर्ग करून त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले की, लपलेले दोन अंश पुन्हा समोर येतात.

टक्केवारीपासून तर दूरच राहावे. ऊर्जावापराच्या तासागणिक तुलनेसाठी अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅश्रे संस्थेच्या मार्गदर्शिकेत असलेली फरकाची ३० टक्क्यांची मर्यादा काही अभ्यासक तापमानालाही लावतात. पण ३० अंश सेल्सिअसचे ३० टक्के म्हणजे ९ अंश; तेच तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिले, तर सूट १४ सेल्सिअस अंशांवर जाते! इतक्या सुटीत कोणतेही प्रतिरूप उत्तीर्ण होईल.

मग जुळवाजुळव सुरू होते. स्लॅब किती ऊन शोषतो आणि फटींतून किती हवा येते, हे दोन्ही आकडे हवे तसे फिरवून आलेख जुळवता येतो, पण चुकीच्या कारणाने. म्हणून आधी खोली रिकामी आणि बंद ठेवून मोजावे, खिडक्या उघडणारी माणसे नंतर आणावीत, आणि जुळवणीत न वापरलेला एखादा आठवडा तपासणीसाठी राखून ठेवावा. मला सर्वांत पटणारी परीक्षा याहून कडक आहे: गच्चीला पांढरा चुना लावावा, उन्हाच्या परावर्तनाचा मोजलेला नवा आकडा तेवढा बदलावा आणि तापमानातली घट प्रतिरूपाला आधी सांगता येते का, ते पाहावे. पावसाळ्यात त्या चुन्यावर शेवाळ चढले की, तो आकडा पुन्हा मोजावा लागतो.