दोन कीबोर्ड, एक कम्प्युटर आणि रिपीटची भानगड

आमच्या सोसायटीच्या गणपतीत क्विझ ठेवली होती, बझर भाड्याने आणायचे तर वर्गणीवाले ओरडणार, म्हणून मी म्हटलं थांबा, एका लॅपटॉपला दोन यूएसबी कीबोर्ड लावतो, नोटपॅड उघडून ठेवतो, एक टीम क दाबेल, दुसरी म, जे अक्षर आधी उमटेल तिचा चान्स. पहिल्याच प्रश्नाला एका काकांनी क वर जो अंगठा ठेवला तो उचललाच नाही. ककककककक करत तीन ओळी भरल्या आणि त्यात समोरच्या टीमचा म कुठे गेला ते शोधेपर्यंत अर्धी पब्लिक प्रसादाला पळाली.

तेव्हापासून डोक्यात किडा, की दाबून धरल्यावर पुढचे क नक्की टाकतं कोण? गंमत म्हणजे याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत आलंय, आणि दोन कीबोर्ड लावल्यावर होणारा निम्मा गोंधळ त्यामुळेच आहे.

अगदी आधी तर रिपीट आपोआप व्हायचंच नाही. मॉडेल ३३ नावाचं टेलिटाइप मशीन होतं, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणारा टाइपरायटर, त्यावर रिपीटचं वेगळं बटण, ते आणि हवं ते अक्षर एकत्र दाबून धरायचं. १९७७च्या ॲपल टू कम्प्युटरवर पण तसंच बटण होतं, ते गेलं १९८३च्या टू-ई मध्ये.

आयबीएमने १९८१ला पीसी काढला तेव्हा हे काम कीबोर्डच्या आतल्या चिपला दिलं, त्याला ते टायपमॅटिक म्हणायचे. म्हणजे ए दाबला की कीबोर्ड ३० हा आकडा पाठवणार, सोडला की त्यात १२८ मिळवून १५८. दाबून धरला तर अर्धा सेकंद वाट बघून ३०, ३०, ३०, सेकंदाला साधारण दहा वेळा. आता यात मेख अशी की खरा दाब पण ३० आणि रिपीट पण ३०, फरक कळतो तो एवढ्यावरूनच की मध्ये १५८ आला का नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८४च्या एटी मॉडेलपासून स्पीड पण बदलता यायला लागला, थांबायचं पाव सेकंद ते एक सेकंद आणि मग सेकंदाला २ ते ३० अक्षरं. बायोस म्हणजे पीसीतच भरलेला मूळ प्रोग्राम, त्याच्या बफरमध्ये, म्हणजे दाबलेल्या कीज रांगेत थांबायच्या त्या जागेत, मावायच्या फक्त १५ कीज, प्रोग्राम अडकलेला असताना बटणावर वही पडली की टूं टूं टूं सुरू, जुन्या लोकांना तो आवाज अजून आठवत असेल.

तेव्हा सॉकेट एक, कीबोर्ड एक, त्यामुळे कोणी दाबलं हा प्रश्नच नव्हता. अपवाद दुकानातला बारकोड स्कॅनर, तो कीबोर्डच्या वायरीच्या मध्येच बसायचा आणि पीसीला वाटायचं की कोणीतरी भराभर आकडे टाइप करतंय.

खरी उलथापालथ यूएसबीने केली, १९९६ला. यूएसबी कीबोर्ड स्वतः रिपीट करतच नाही! तो आठ बाइटचा छोटा रिपोर्ट देतो, एका बाइटमध्ये शिफ्ट-कंट्रोल वगैरे, एक रिकामा, उरलेल्या सहात आत्ता कुठल्या कीज खाली आहेत ते, बस. मोजायचं आणि रिपीट करायचं कम्प्युटरने. आणि आता हब, म्हणजे एका सॉकेटची अनेक करणारा डबा, लावून चार कीबोर्ड जोडले तरी कोणी अडवत नाही.

लिनक्सने, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने, हे बऱ्यापैकी स्वच्छ केलं असं माझं मत. तिथे प्रत्येक कीबोर्डची वेगळी फाइल दिसते, की सोडली तर ०, दाबली तर १, रिपीट असेल तर २, आणि रिपीटचा टायमर प्रत्येक डिव्हाइसचा आपापला, सहसा २५० मिलिसेकंद थांबून मग दर ३३ ला एक.

विंडोजमध्ये मात्र सगळे कीबोर्ड एका पिंपात ओतले जातात. प्रोग्रामला की दाबल्याचा मेसेज येतो, त्यात एक बिट, म्हणजे हो-नाही सांगणारी खूण, असतो की ही आधीपासून खाली होती का, पण ते बघितलं जातं सगळ्यांचं मिळून. म्हणजे पहिल्याने स्पेसबार दाबून धरलाय आणि दुसऱ्याने आपल्या कीबोर्डवर पहिल्यांदाच दाबला तर त्या बिचाऱ्याचा खरा दाब रिपीट म्हणून कचऱ्यात. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये रॉ इनपुट नावाची सोय आली तेव्हा कुठे मेसेजबरोबर कुठल्या डिव्हाइसवरून आला ते कळायला लागलं.

इकडे लिनक्सच्या डेस्कटॉपवर पीटर हटरर नावाच्या प्रोग्रामरने मल्टी-पॉइंटर एक्स केलं, ते २००९ला एक्स सर्व्हर १.७ मध्ये आलं (एक्स म्हणजे लिनक्सवर खिडक्या, माउस, कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम), दोन माणसांना दोन कर्सर आणि दोन वेगळे कीबोर्ड फोकस, भारी होतं पण वापरलं फार कोणी नाही. एक्सच्या जागी नंतर आलेल्या वेलँडमध्ये रिपीट थेट ॲपच्या गळ्यात, वरून फक्त स्पीड आणि डिले सांगतात. त्याखालची लिबइनपुट लायब्ररी एक साधी मोजणी ठेवते, ही की आत्ता किती कीबोर्डवर खाली आहे. म्हणजे दोन जणांनी ए दाबला आणि एकाने सोडला तर आकडा दोनवरून एक, शून्य झाल्यावरच खरा सुटला असं धरायचं. इतकी साधी गोष्ट, पण ती कोणीतरी मोजायला तर पाहिजे ना.

पुढच्या गणपतीत मी रॉ इनपुट वापरून छोटा प्रोग्राम लिहिला, प्रत्येक कीबोर्डची वेगळी यादी, की यादीत असेल तर रिपीट समजून सोडून द्यायची, सुटली की यादीतून काढायची. काकांनी परत अंगठा ठेवला, एकदाच मोजला गेला, तर म्हणतात तुझा बझर बिघडलाय, गेल्या वर्षीचा चांगला होता.