औषधापूर्वीची जनुकीय चाचणी : पाचगणीच्या सॅनेटोरियमपासून आजच्या रिपोर्टपर्यंत

सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आणि सातारा जिल्ह्यातले पाचगणी ही दोन्ही ठिकाणे एके काळी क्षयरोग्यांची म्हणून ओळखली जात. पाचगणीचे बेल-एअर हे सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुरू केले. तेव्हाचा उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने विश्रांती. १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही गोळी आली आणि चित्र पालटले. जनुक पाहून औषध ठरवण्याची गोष्ट सांगायची तर ती याच गोळीपासून सांगावी लागते.

गोळी सगळ्यांना एकच, पण काही रुग्णांच्या हातापायांना काही आठवड्यांत मुंग्या येऊ लागत, तळवे जळजळत. लघवी तपासल्यावर कळले की काहींचे यकृत हे औषध झपाट्याने निकामी करून बाहेर टाकते, तर काहींच्या रक्तात ते तासन्‌तास रेंगाळते. हा फरक घराण्यात चालत येतो हे १९६० च्या सुमारास पक्के झाले. कारणीभूत जनुकाला आज नॅट-२ म्हणतात. भारतात औषध हळू निकामी करणारे निम्म्याहून अधिक आहेत.

मद्रासच्या क्षयरोग केंद्राने यावर जे काम केले, त्याची आठवण हल्ली फारशी कोणी काढत नाही. आठवड्यातून एकदाच औषध दिले तर ते झपाट्याने निकामी करणाऱ्यांचा आजार तितकासा आटोक्यात येत नाही, हे तिथे दिसले. आणि दिवसाला अवघे ६ मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, दिले तर मज्जातंतूंचा त्रास टळतो हेही तिथेच दिसले. म्हणजे जनुक सापडले, पण चाचणीची गरज उरली नाही. औषध रोज द्या, सोबत स्वस्तातले जीवनसत्त्व द्या, काम झाले. आज क्षयरोगाच्या रुग्णाची नॅट-२ चाचणी सहसा कोणी करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पुढच्या साठ वर्षांत आलेल्या प्रत्येक चाचणीला हीच कसोटी लावावी : निकालामुळे चिठ्ठीवरचे औषध किंवा डोस बदलणार आहे का, आणि तेच काम याहून साध्या उपायाने होणार नाही का?

त्याच काळात हिवतापाच्या प्रायमाक्विनने दुसरा धडा दिला. कोरियाच्या युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना ही गोळी दिली जाई. काही कृष्णवर्णीय सैनिकांच्या तांबड्या पेशी तिने फुटू लागल्या, लघवी काळपट झाली. १९५६ मध्ये कारण सापडले : जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता. ही चाचणी आजही कामाची आहे, पण तिच्यात एक फसगत आहे. पेशी फुटून रक्त कमी झाले असतानाच सॅम्पल घेतले तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, कारण जुन्या, कमकुवत पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम भरपूर असते. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. कमतरता नक्की ठरली तर रोजच्या १४ दिवसांच्या कोर्सऐवजी वजनाच्या दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम असा आठवड्यातून एकच डोस, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात.

१९५७ मध्ये अमेरिकेतले आर्नो मोटुल्स्की यांनी ही सुटी सुटी उदाहरणे एका सूत्रात ओवली. दोन वर्षांनी जर्मनीच्या फ्रेडरिख फोगेल यांनी या शाखेला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिले. १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ यांनी रक्तदाबाचे डेब्रिसोक्विन स्वतःवरच घेऊन पाहिले. सहकाऱ्यांना काही झाले नाही, यांना मात्र उभे राहता येईना. त्यातून सीवायपी-टू-डी-सिक्स या यकृतातल्या एन्झाइमचा शोध लागला. इथवर सगळी विद्या माणसाला औषध देऊन, मग लघवी किंवा रक्त मोजून चालली होती. जनुक थेट वाचता येऊ लागले ते त्यानंतर.

चाचणीचा खरा उपयोग पहिल्यांदा नजरेत भरला तो एचआयव्हीत. अबॅकाविर घेणाऱ्या काहींना ताप, पुरळ, उलट्या, धाप असा त्रास होई. औषध थांबवून पुन्हा सुरू केले तर जिवावर बेते. एचएलए-बी ५७:०१ हा जनुकप्रकार २००२ मध्ये याच्याशी जोडला गेला. २००८ मध्ये १,९५६ रुग्णांच्या चाचणीत निकाल लागला : ज्यांची आधी तपासणी करून हा प्रकार असणाऱ्यांना औषध टाळले, त्या गटात चामडीवरच्या चाचणीने खात्री झालेली एकही अ‍ॅलर्जी नाही, दुसऱ्या गटात २.७ टक्के. क्षयाचे सॅनेटोरियम असलेले पाचगणीचे बेल-एअर नंतर एचआयव्हीग्रस्तांच्या सेवेसाठी नावारूपाला आले. या इतिहासाची दोन टोके अशी एकाच टेकडीवर भेटतात, निव्वळ योगायोगाने.

झटक्यांवरच्या कार्बामाझेपिनचेही तसेच. तैवानमध्ये २००४ साली अंगाची साल निघावी अशी भयंकर पुरळ आलेल्या ४४ पैकी ४४ जणांत एचएलए-बी १५:०२ सापडले. हे औषध विनातक्रार घेणाऱ्या १०१ जणांत ते फक्त तिघांत होते. ही पुरळ बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. म्हणून वर्षानुवर्षे ही गोळी बिनबोभाट घेणाऱ्याने ‘आता तपासून घेऊ’ म्हणण्यात अर्थ नाही. चाचणी पहिल्या गोळीच्या आधीच करायची. व्यवहारात बरेच डॉक्टर सरळ लेव्हेटिरासिटॅम हे झटक्यांवरचे दुसरे औषध लिहितात आणि चाचणीचा प्रश्नच मिटवतात. बी-६ चीच तऱ्हा ही.

जुनाट आजारांत आपल्याकडे सर्वाधिक उपयोगी ठरावी अशी जोडी म्हणजे अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि दोन जनुके. आतड्याचा दाह, ल्यूपस, मायस्थेनिया अशा आजारांत हे औषध वर्षानुवर्षे चालते. १९८० मध्ये टीपीएमटी एन्झाइमची जन्मजात कमतरता वर्णिली गेली आणि पाश्चात्त्य देशांत तीच तपासायची पद्धत पडली. मग आशियात असे रुग्ण दिसू लागले की टीपीएमटी ठणठणीत, तरी पांढऱ्या पेशी गडगडतात. २०१४ मध्ये कोरियातून उत्तर आले : एनयूडीटी-१५ या दुसऱ्या जनुकातला दोष. भारतीयांतही हाच दोष टीपीएमटीपेक्षा जास्त आढळतो. म्हणून फक्त टीपीएमटी नॉर्मल असल्याचा रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त राहणे आपल्याकडे धोक्याचे. एनयूडीटी-१५ च्या दोन्ही प्रती सदोष असतील तर या आजारांत हे औषध टाळतात. एक सदोष असेल तर डोस कमी करून सुरू करतात. चाचणी झाली नसेल तर एक खूण ध्यानात ठेवावी. औषध सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. आणि चाचणी नॉर्मल आली तरी पहिल्या महिन्यात दर आठवड्याचा सीबीसी सुटत नाही.

मधुमेहात जनुकीय चाचणी सरसकट कामाची नाही, पण थोड्यांचे आयुष्य पालटते. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळांतल्या काहींमध्ये केसीएनजे-११ जनुकाचा दोष २००४ मध्ये सापडला. २००६ मध्ये अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन बंद होऊन सल्फोनिलयुरियाच्या साध्या गोळीवर भागले.

हृदयरुग्णांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेलबद्दल मात्र मतभेद आहेत. ही गोळी यकृतातल्या सीवायपी-टू-सी-नाइन्टीन या एन्झाइमने ‘चालू’ झाल्याशिवाय काम करत नाही, आणि दक्षिण आशियात त्याच्या जनुकाचे निकामी रूप युरोपपेक्षा बरेच जास्त आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०१० मध्ये वेष्टनावर ठळक इशारा घालायला लावला. पण स्टेंट बसवताना थांबायला वेळ नसतो. त्याच कामाच्या टिकाग्रेलोर या दुसऱ्या औषधाची जेनेरिक गोळी मिळू लागल्यावर चाचणीचा आग्रह आणखी ओसरला. शिवाय जनुक उत्तम असूनही सोबत ॲसिडिटीचे ओमेप्राझोल चालू असेल तर तेच एन्झाइम दबते. मेडिकलमधून परस्पर घेतलेली ‘गॅसची गोळी’ रिपोर्टात दिसत नाही.

भारतीयांचे स्वतःचे आकडे उशिरा आले. इंडियन जीनोम व्हेरिएशन प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला, इंडिजेन प्रकल्पाने हजारावर भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचले आणि जीनोम इंडिया प्रकल्पाची १०,००० जणांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. तोवर बहुतेक पॅनेल, म्हणजे एकत्र तपासल्या जाणाऱ्या जनुकबदलांच्या याद्या, युरोपीय लोकांत आढळणाऱ्या बदलांवर बेतलेली होती. त्यामुळे रिपोर्टात ‘*१/*१’ किंवा नॉर्मल लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की शोधलेले बदल सापडले नाहीत. कोणते शोधले, ती यादी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. आधी ती वाचावी.

सातारा, कराड किंवा मिरजेत दिलेले सॅम्पल बहुधा पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबला जाते. डीएनएसाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये २ ते ३ मिलिलिटर रक्त पुरते. घेतल्याबरोबर ट्यूब आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, नाहीतर गुठळी होते. हिरव्या टोपणाची हेपरिनची ट्यूब चालत नाही, कारण हेपरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, बिघडवते. डीएनए एखाद-दोन दिवसांच्या कुरिअरला दाद देत नाही. जी-सिक्स-पीडीसारखे एन्झाइम मात्र उन्हात निकामी होते, ते सॅम्पल थंड पेटीतूनच गेले पाहिजे. गालाच्या आतून स्वॅब द्यायचा असेल तर आधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, तंबाखू-मिसरीही नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्याच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, त्याचे रक्त पाठवून उपयोग नाही. अलीकडे रक्त चढवले असेल तर तेही फॉर्मवर लिहायचे, एन्झाइमच्या चाचण्या त्याने चुकू शकतात. आणि फॉर्मवर नुसते ‘जेनेटिक टेस्ट’ न लिहिता कोणते औषध सुरू करायचे आहे ते लिहायचे. नाहीतर अझाथायोप्रिनसाठी पैसे मोजायचे आणि पन्नास औषधांच्या रंगीत तक्त्यात एनयूडीटी-१५ चाच रकाना नसायचा, असे होते.